साडेनऊ लाख उभे करायचे, खर्च पावणेसात

पत्र : आदरणीय ताई, मी उदगीरजवळच्या एका गावची. नांदेडला इंजिनीअरिंग करते. आमच्या कॉलेजचा जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी करार आहे आणि ऑक्टोबर ते मार्च अशा एका सेमिस्टरसाठी माझी निवड झाली आहे. तिथली ट्यूशन फी माफ, बाकी सगळा खर्च आमचा. बाबांची चार एकर कोरडवाहू जमीन आहे, शिवाय ते कृषी सेवा केंद्रात कामाला जातात. बँकेत दोन लाखांची एफडी आहे. मावशी ५० हजार देते म्हणाली. कॉलेजच्या यादीत ‘ब्लॉक्ड अकाउंट’ लिहिलंय, त्यात सहा लाखांच्या वर भरायचे आहेत. बाबा म्हणतात, आडत्याकडून उचल घेऊ, कमी पडले तर रस्त्याकडेचं एकर गहाण ठेवू. एक कन्सल्टंट ‘सगळं करून देतो’ म्हणून ६० हजार मागतोय. आईने सामानाची दोन पानी यादी केली आहे, त्यात वाकळ, कुकर, साजूक तूप, पाच किलो ज्वारीचं पीठ आहे, आणि तिकिटावर बॅग एकच, २३ किलोची. पासपोर्ट अजून काढायचाय. जावं की नाही, इथूनच गोंधळ आहे. – एक विद्यार्थिनी, जि. लातूर (नाव छापू नये)

उत्तर :

लेकी, आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. जा. पण रस्त्याकडेचं एकर गहाण ठेवून जाऊ नकोस, आणि तशी वेळ येणारही नाही. तुझं पत्र वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती बाबांनाही वाचून दाखव. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे तुमच्या घरात ‘भरायची फी’ म्हणून मोजले जात आहेत. ती फी नाही. ते तुझेच पैसे आहेत, तुझ्याच नावावर राहतात, आणि तिथे गेल्यावर दर महिन्याला ठरलेल्या रकमेने तुला परत मिळतात. तू तिथे उपाशी राहणार नाहीस, एवढी खात्री जर्मन सरकारला हवी असते, म्हणून ते आधी बाजूला ठेवायला लावतात. यातून जे उरेल ते तू परत आल्यावर घरी येतं.

ही रक्कम सध्या महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो आहे. तुझे सहा महिने, म्हणून ५,९५२ युरो. युरोचा भाव रोज हलतो. मी इथे सगळीकडे एका युरोला ११० रुपये धरते, म्हणजे बँकेने कापलेलं कमिशनही त्यात बसेल. ५,९५२ युरोचे झाले सुमारे ६ लाख ५५ हजार.

आता खरा पेच. तो रकमेचा नाही, वेळेचा आहे.

तिथे उतरल्या उतरल्या या साडेसहा लाखांतला एक युरोही तुझ्या हातात नसतो. तो कसा सुटतो ते बघ. आधी खोली ताब्यात यायला हवी. मग ‘ही मुलगी माझ्याकडे राहते’ असं घरमालकाचं किंवा होस्टेलचं पत्र घेऊन नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, तोही राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत. बँकेत खातं उघडायला बहुतेक ठिकाणी ती नोंद मागतात. ते खातं चालू झालं, की त्यात ब्लॉक्ड अकाउंटमधून पहिले ९९२ युरो येतात. एखादी अपॉइंटमेंट उशिरा मिळाली की महिना निघून जातो. आणि नेमक्या याच महिन्यात खर्च सगळ्यात जास्त असतो. खोलीचं डिपॉझिट लागतं, कायद्याने ते तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येतं; विद्यार्थ्यांच्या होस्टेलमध्ये कमी असतं, तरी दोन महिन्यांचं धरून चल. पहिलं भाडं, विद्यापीठाचं सेमिस्टर शुल्क (ट्यूशन माफ असली तरी हे भरावंच लागतं), अंथरूण-पांघरूण, थंडीचे बूट, आणि पोटाला अन्न.

म्हणून ब्लॉक्ड अकाउंटशिवाय एक वेगळी पुंजी पहिल्या महिन्यासाठी हाताशी हवी. मध्यम आकाराच्या गावात, ३५० युरो भाड्याच्या होस्टेलच्या खोलीवर ती अशी बसते : डिपॉझिट ७००, भाडं ३५०, सेमिस्टर शुल्क २५०, जेवण २००, जाकीट-बूट-अंथरूण २००. बेरीज १,७०० युरो, म्हणजे १ लाख ८७ हजार. तुझं विद्यापीठ म्युनिकसारख्या शहरात असेल तर भाडं दुपटीकडे जातं, मग हा आकडाही तसाच वाढव. बहुतेक मुलं विमानाच्या तिकिटापर्यंत हिशोब करतात आणि इथे अडकतात. मग रात्री घरी फोन येतो आणि बापाला दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी दारात जावं लागतं. तुझ्या बाबांवर ती वेळ येऊ नये म्हणून हे इतकं सविस्तर लिहिते आहे.

जाण्यायेण्याच्या तिकिटाला ८० हजार, व्हिसाचे ७५ युरो म्हणजे सव्वाआठ हजार, पासपोर्ट, मुंबईच्या चकरा आणि किरकोळ मिळून १५ हजार. ऑक्टोबरपर्यंत एकूण उभे करायचे साधारण साडेनऊ लाख.

पण खर्च किती होणार? महिन्याचा हिशोब मी असा धरते : भाडं ३५०, आरोग्य विमा १४५, जेवण २००, फोन १५, रेडिओ-टीव्हीचं सक्तीचं शुल्क आणि वह्या-झेरॉक्स मिळून २०, किरकोळ ५०. झाले ७८०. (हे रेडिओ शुल्क महिन्याला १८.३६ युरो आहे, पण ते एका घराला एक. चौघींनी एक फ्लॅट घेतला तर चौघींत वाटलं जातं. टीव्ही नाही म्हणून चालत नाही. पत्र आलं की फेकू नकोस.) सहा महिन्यांचे ४,६८० युरो, म्हणजे ५ लाख १५ हजार. त्यात तिकीट, व्हिसा, सेमिस्टर शुल्क, सुरुवातीची खरेदी आणि इथली धावपळ मिळवली तर पावणेसात लाखांच्या आत बसतं. राहिलेले पावणेतीन लाख, डिपॉझिट धरून, तुझेच. हे बाबांना कागदावर दोन रकान्यांत मांडून दे, एका बाजूला ‘उभे करायचे’, दुसऱ्या बाजूला ‘खर्च होणार’. साडेनऊ लाखांनी त्यांची झोप उडाली असेल. त्यातले पावणेतीन परत येणार आहेत हे कळलं तर माणूस वेगळा निर्णय घेतो.

आता पैसे कुठून. सोयाबीनवर भिस्त ठेवू नका. चार एकरांत चांगलं पिकून ३० क्विंटल झालं असं धरू. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने एक लाख साठ हजार होतात, तेही बी-खत-फवारणी-मळणी वजा न करता. आणि रास घरी येते ऑक्टोबरात. तुला व्हिसाला पैसे दाखवायचे आहेत जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा घरातली उरलीसुरली रक्कम पेरणीत आणि तणनाशकात गेलेली असते. हेच आडत्याला पक्कं ठाऊक असतं. उचल घेतली की माल त्याच्याच काट्यावर घालावा लागतो आणि भावाला तोंड उघडता येत नाही. लेकीच्या शिक्षणाचं कर्ज पिकाच्या मानेवर बसवू नका. शिक्षणाचं कर्ज शिक्षण कर्ज म्हणूनच घ्या.

बँकांच्या नेहमीच्या शिक्षण कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही टाकावा लागत नाही, आईवडील सहकर्जदार असले की पुरतं. चार ते साडेसात लाखांच्या कर्जाला एका त्रयस्थ हमीदाराची सही लागते आणि परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के हिस्सा आपला. जमीन किंवा घर तारण द्यायची पाळी येते ती त्याच्या वर. तुझं गणित बघ : एफडीचे दोन लाख, मावशीचे ५० हजार, आणि सात लाखांचं कर्ज. एकर सुटलं. हमीदार म्हणून नोकरीवाला मामा किंवा काका चालतो. त्यांच्या घरी बाबांना एकट्याला पाठवू नकोस, तू सोबत जा आणि हिशोबाचा कागद तूच समोर ठेव.

एक अडचण येईल, ती आधीच सांगते. तुझी सेमिस्टर पदवी देणारी नाही, म्हणून ‘एक्स्चेंज’ शब्द ऐकला की शाखेत मान हलते. त्यासाठी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घे : ही सेमिस्टर आमच्याच पदवी अभ्यासक्रमाचा भाग आहे, तिथले क्रेडिट इथे धरले जातील, आणि अंदाजे खर्च एवढा. मग अर्ज करा. एका शाखेने नाही म्हटलं तर दुसरी गाठा. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून एकाच अर्जाने एकापेक्षा जास्त बँकांकडे जाता येतं. कर्जमंजुरीला आठवडे लागतात, म्हणून पेरणीची घाई असली तरी बाबांनी एक दिवस बँकेसाठी काढायलाच हवा. परत आल्यावर सुटलेले पैसे थेट कर्जात भर. त्यातून ट्रॅक्टरचा हप्ता भरायचा मोह घरात कुणालाही होऊ देऊ नकोस.

आणि शिष्यवृत्ती. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती तुला कुणीतरी सुचवेल, पण ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. तुझ्या कामाची आहे ती ‘इरॅस्मस प्लस’, युरोपीय संघाची विद्यार्थी-देवाणघेवाणीची योजना. दोन्ही संस्थांमध्ये त्या योजनेखाली करार असेल तर विद्यार्थ्याला महिन्याचा भत्ता आणि प्रवासखर्च मिळतो. अर्ज विद्यार्थ्याने परस्पर करायचा नसतो, तो संस्थांमार्फत जातो. म्हणून कॉलेजच्या समन्वयकांना आणि तिकडच्या इंटरनॅशनल ऑफिसला सरळ विचार, आमच्या करारात अशी सोय आहे का. मिळाला तर ते भत्त्याचं पत्र व्हिसासाठी पैशांचा पुरावा म्हणून चालतं आणि ब्लॉक्ड अकाउंटचा भार तेवढा हलका होतो. विचारायला मेल लागते, बाकी काही नाही. आपल्याकडची मुलं इथेच मागे राहतात. हुशारीत कुठे कमी नसतात, पण विचारायला संकोचतात.

तिथे काम करून भागवेन असं मनात असेल तर ते हिशोबात धरू नकोस. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, हे खरं. पण सहा महिन्यांसाठी आलेल्या आणि जर्मन न येणाऱ्या मुलीला काम मिळेपर्यंत डिसेंबर उजाडतो. मिळालं तर ते फिरण्यासाठी ठेव.

कन्सल्टंटला ६० हजार देऊ नका. तुझा प्रवेश कॉलेज-टू-कॉलेज झालेला आहे, त्याने मिळवून द्यायचं काही उरलेलं नाही. व्हिसाचा फॉर्म तू स्वतः भरू शकतेस, इंजिनीअरिंगच्या परीक्षेच्या फॉर्मपेक्षा तो अवघड नाही. ब्लॉक्ड अकाउंट फिनटिबा किंवा एक्स्पॅट्रिओसारख्या कंपन्यांकडे घरबसल्या ऑनलाइन उघडतं, त्यांचं शुल्क त्यांच्या साइटवर लिहिलेलं असतं. त्या ६० हजारांत तुझं एका महिन्याचं जेवण आणि भाडं जवळपास निघतं.

आजच करायचं काम म्हणजे पासपोर्ट. साधी फी १,५०० रुपये, तत्काळला २,००० जादा. तुझ्या बाबतीत मी तत्काळचे पैसे द्यायला सांगेन, कारण पासपोर्ट क्रमांकाशिवाय पुढचं काहीच हलत नाही. अर्ज भरताना एकच गोष्ट जपून कर. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टमध्ये ‘दिलेलं नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोन रकाने असतात. नेट कॅफेवाला दहावीची ओळ बघून तशीच टाइप करतो आणि आडनावाच्या जागी वडिलांचं नाव जातं. मग तिकीट, ब्लॉक्ड अकाउंट, विमा, सगळीकडे तेच चिकटतं आणि एखादा कागद जुळेनासा होतो. तू स्वतः बसून भर. आधार, दहावी आणि पासपोर्ट यांत नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर तेच हवं.

सहा महिने म्हणजे ९० दिवसांपेक्षा जास्त, त्यामुळे तुला पर्यटकांचा शेंगेन व्हिसा चालत नाही, जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. महाराष्ट्र मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो, तेव्हा व्हिसासाठी पश्चिमेलाच जावं लागेल. विमान मात्र मुंबईहूनच घ्यायला हवं असं काही नाही. उदगीरहून बिदरमार्गे हैदराबाद सव्वादोनशे किलोमीटरच्या आत आहे, मुंबई त्याच्या अडीचपट लांब. लुफ्तान्साचं हैदराबाद–फ्रँकफर्ट थेट विमान २०२४ पासून सुरू झालं आहे. तिकीट बघताना दोन्ही शहरांचे भाव बघ आणि मुंबईच्या भावात गाडीभाडं, एक रात्रीची सोय आणि पोहोचवायला येणाऱ्या माणसांचा खर्च मिळवून तुलना कर. आपल्याकडे लेकीला पोहोचवायला एक माणूस कधी जात नाही, क्रूझर भरून जाते.

क्रेडिटचं मी वर म्हटलं, ते जाण्याआधी ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’वर सही-शिक्क्यानिशी पक्कं कर. तिथला कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाच्या जागी धरणार, हे त्यात लिहिलेलं असतं. विभागप्रमुखांच्या तोंडी होकारावर जाऊ नकोस. ते बदलून गेले की नवे विचारतात, कुठे लिहिलंय. तसं झालं तर सहा महिन्यांपायी वर्ष जाईल, आणि वर्षाचा खर्च कुठल्याच हिशोबात नाही.

आता बॅग. पैशांना जो नियम, तोच बॅगेलाही लाव : पहिल्या महिन्याचं न्यायचं. तिथे दुकानं आहेत, आणि महिन्याला ९९२ युरोंत सहा महिने जगायचंच आहे. २३ किलोंतले चार किलो तर रिकामी बॅगच खाते. उरले १९. विमानात हातात सात-आठ किलोंची छोटी बॅग आणि एक लॅपटॉपची. आईची यादी समोर घेऊन बसा, पण आईला खोडू नकोस. एकेक वस्तू आडतीतल्या काट्यावर ठेवा आणि आकडा तिलाच वाचू दे. वाकळ काट्यावर ठेवली की तीन-साडेतीन किलोंवर काटा थांबतो, आणि उरलेल्या साडेपंधरा किलोंत काय काय बसवायचं हे तिच्याच लक्षात येतं. त्या होस्टेलच्या खोल्या आतून गरम केलेल्या असतात, वाकळीची गरज पडत नाही. रजई-उशी तिथे ५० युरोंच्या आत येते.

साजूक तूप नेताच येत नाही. युरोपीय संघाच्या नियमाने बाहेरच्या देशांतून प्रवाशाला दूध आणि मांसाचे कुठलेच पदार्थ आत आणता येत नाहीत. तूप, खवा, पेढे, बर्फी, सगळं त्यात आलं. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, आंबे यांनाही शेतमालाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तुझ्यासाठी तेही बाद. पकडलं तर माल जातो, वर दंड. प्रवासाच्या आदल्या रात्री बॅगेत गुपचूप तुपाचा डबा सारणारी मावशी प्रत्येक घरात असते. तिला आधीच समजावून सांग.

ज्वारीचं पीठ पाच किलो नेऊन काय करशील? महिन्या-दीड महिन्यात कडू लागायला लागतं. तुला खरोखर उपयोगी पडेल ते येसर, आणि आईच्या यादीत ते नाही याचं मला आश्चर्य वाटलं. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, तांदूळ, धने-जिरे नीट खमंग भाजून काळ्या मसाल्याबरोबर दळून दिलं, की किलोभर येसर तुला महिनोन् महिने पुरतं. दमून आलीस की लसूण-जिऱ्याची फोडणी, पाणी, त्यात दोन चमचे येसर गुठळी न होऊ देता कालवायचं, मीठ, एक उकळी. भातावर घे. दहा मिनिटांत घरची आमटी होते. सोबत अर्धा किलो काळं तिखट, अर्धा किलो शेंगदाण्याची चटणी, थोडं मेतकूट. लोणचं न्यायचंच असेल तर तेल कमी घालून, जाड पिशवीत दोनदा सील करून. काचेची बरणी नको. हे सगळं अडीच किलोंत बसतं.

कुकरही नको. तूरडाळीसाठीच तो लागतो. तिथे मसूर आणि मुगाची डाळ खा, साध्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. होस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात पातेली बहुधा असतात. एक मात्र आत्ताच ध्यानात ठेव : तिथे छताला धुराचे अलार्म असतात. मिरचीची फोडणी पेटली की सगळी इमारत रस्त्यावर येते आणि अग्निशमन दलाची गाडी आली तर बिल होऊ शकतं. खिडकी उघडी, पंखा चालू, मगच फोडणी.

कपड्यांचं थोडक्यात. इथून जाड स्वेटर आणि ब्लँकेटचं जाकीट विकत घेऊ नकोस. आपल्या बाजारातला माल आपल्या डिसेंबरसाठी असतो, तिकडच्या जानेवारीत तो उपयोगी नाही, आणि जड तेवढाच. थर्मलचे दोन जोड इथून घे, ते हलके आणि स्वस्त मिळतात. जाकीट तिथे सेकंडहँड बाजारात बघ, सेमिस्टर संपवून जाणारी मुलं चांगली जाकिटं कमी किमतीत देऊन जातात. आठवड्याचे कपडे, एक चांगला ड्रेस, बस्स. होस्टेलला धुण्याचं मशीन असतं. सगळ्यात जड बूट आणि जाकीट अंगावर घालून विमानात बस.

चष्मा असेल तर दुसरा एक करून घे, आणि दात इथेच दाखव. नेहमीची औषधं वैयक्तिक वापरापुरती तीन महिन्यांपर्यंतची नेता येतात. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घे. चार्जरला अ‍ॅडॉप्टर विकत घ्यायची गरज नाही, आपला दोन गोल पिनांचा बारीक प्लग तिथे बसतो आणि व्होल्टेजही तेच. तीन पिनांचा लॅपटॉपचा प्लग मात्र बसत नाही, त्यापुरतं एक घे. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नकोस, ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते.

मूळ कागद हातातल्या बॅगेत : पासपोर्ट, प्रवेशाचं पत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, विमा, खोलीचा करार, गुणपत्रिका. त्यांचे स्कॅन तुझ्या मेलवर आणि बाबांच्या फोनमध्ये.

पहिल्या महिन्याच्या त्या १,७०० युरोंपैकी ४०० रोख ने, बाकीचे फॉरेक्स कार्डावर, म्हणजे इथूनच युरो भरून नेता येणाऱ्या कार्डावर. बाबांच्या नाही, तुझ्या नावाचं एक भारतीय डेबिट कार्डही सोबत ठेव. २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डांचा परदेशी वापर बंदच दिलेला असतो, तो बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्याआधी चालू कर. तिकडे मशीनवर ‘रुपयांत की युरोत’ असं विचारलं तर युरो दाब. रुपये दाबलेस तर मशीनवाला आपला भाव लावतो आणि तो नेहमी महाग असतो. तुझं इथलं सिम चालू ठेव, बँकेचे ओटीपी त्यावरच येणार. छोटा रिचार्ज बाबांना लक्षात ठेवून मारायला सांग. परदेशी पैसे पाठवताना कापला जाणारा टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ वसूल केलेला कर, वर्षाला १० लाखांपर्यंत लागत नाही, तुमची रक्कम त्याच्या आत आहे. बँकेत कुणी कापायला लागलं तर विचारा.

तिथे दुकानं रविवारी बंद असतात. शनिवारी पोहोचलीस तर विमानतळावरून येतानाच ब्रेड, दूध, अंडी घे. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळते. नळाचं पाणी प्यायला चांगलं आहे, तेव्हा एक स्टीलची बाटली इथूनच ने.

आणि निघताना. मार्चमध्ये खोली सोडण्याआधी पहिल्या दिवशी काढलेले खोलीचे फोटो समोर ठेवून मालकासोबत पाहणी कर. ते फोटो पहिल्या दिवशी, बॅग उघडण्याच्या आत काढलेले हवेत. भिंतीवरचे डाग, गादी, शेगडी, सगळ्याचे. नगरपालिकेत पत्त्याची नोंद रद्द कर, तो कागद जपून ठेव. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये काही राहिलं असेल तर ते बंद करायचा अर्ज त्या कागदासह टाक. डिपॉझिट हातोहात मिळत नाही, हिशोब करून काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी खात्यात येतं. तोवर तिथलं बँक खातं बंद करू नकोस.